ठमीची पिशवी

आक्का, ठमीचं ऑपरेशन आज सकाळी करून आणलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी गोड गोड लिहीत बसेन आणि शेवटी तुझी फसगत होईल. तू जाऊन महिना होऊन गेला, आणि ज्या एका गोष्टीला तू नको नको म्हणत होतीस तीच मी केली. ती आता माझ्या पलंगाखाली खोक्यात पडून आहे. पोटावर टाके आहेत, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आहे, डोळे उघडे आहेत, पण भुलीची गुंगी अजून उतरलेली नाही.

पेपरात तुझा फोटो आला होता. संदीपने, तुझ्या थोरल्याने, निवडलेला, त्याच्या लग्नातला. खाली लिहिलं होतं, प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. प्रेमळ होतीस, मान्य. कष्टाळू म्हणणं त्यांच्या सोयीचं आहे, त्या कष्टांवर तर ते घर उभं राहिलं. पण मनमिळाऊ कुठून काढलं? सख्ख्या धाकट्या बहिणीशी दोन वर्षं तू एका मांजरीच्या पिशवीवरून भांडत होतीस. मध्यंतरी तर बोलणंच टाकलं होतंस, आणि तरी रोज शेजारच्या इमारतीतून माझ्याकडे भाजीचा डबा येत होता. तोंड बंद आणि डबा चालू, ही तुझी रागवायची पद्धत.

पिशवी. गर्भाशय म्हणायला आपल्या बायकांची जीभ रेटत नाही, म्हणून पिशवी. भाजीला न्यायची, फाटली की टाकून द्यायची, तसलं काहीतरी वाटतं ऐकताना. मला हा शब्द आवडत नाही. तू मात्र तोच वापरायचीस, ठमीसाठीही आणि स्वतःसाठीही.

संदीपने कळवणकडचं घर भावकीला सोपवून तुला आणि भाऊजींना इंदिरानगरात आणलं, तेव्हा तुला इथलं काहीच आवडलं नव्हतं. अंगण नाही, गोठा नाही, दार उघडं टाकून बसायची सोय नाही. माझ्यामुळे तुझा वेळ जायला लागला. मी इथे मांजरवाली म्हणून ओळखली जाते. पिंजऱ्यात सुकट ठेवायची, भटकी मांजरं धरायची, डॉक्टरांकडे नेऊन त्यांची ऑपरेशनं करून घ्यायची आणि बरी झाली की जिथून उचलली तिथे परत सोडायची. ऑपरेशन झालेल्यांच्या कानाचं टोक कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा धरलं जात नाही. तू पहिल्यांदा तो कान पाहिलास आणि जिन्यातूनच ओरडलीस, "काय गं कसाईणबाई, आज कोनाची पाळी?" अख्ख्या सोसायटीने ऐकलं. तेव्हापासून वॉचमनसुद्धा मला बघून हसतो.

माझ्या बंड्याबद्दल तू काय काय बोलायचीस! तो बोका माझ्या घरी आला तेव्हा पडद्यांवर मुतायचा, भिंतीवर भांडायचा, आणि गायब झाला की फाटक्या कानाने, पू भरलेल्या जखमा घेऊन परत यायचा. ऑपरेशन केल्यावर हळूहळू ते सगळं थांबलं. घराचा वास गेला. खिडकीत बसून तो दुसऱ्या बोक्यांकडे नुसतं बघायला लागला. भूक मात्र वाढली, इतकी की त्याचं खाणं मला मोजून द्यावं लागतं. तू त्याच्या पोटावर हात फिरवत म्हणालीस, "पुरुषासारखा पुरुष, पार पेन्शनीत काढलास." मग आतल्या खोलीत टीव्ही बघत बसलेल्या भाऊजींकडे नजर टाकलीस आणि आवाज उतरवून म्हणालीस, "हे आधी ठाऊक असतं तर लय बरं झालं असतं." आपण दोघी किती हसलो होतो. त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

ठमी तुला पार्किंगमध्ये सापडली, मुठीएवढी, तिरंगी. तू तिला पदरात घेऊन आलीस आणि भाऊजी नाक मुरडायला लागले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणालीस, "ही ऱ्हानार." मला केवढा आनंद झाला होता. ती मोठी होत आली तशी मी सांगितलं, आता डॉक्टरांकडे नेऊया. तू म्हणालीस, "एक वेत होऊ दे तिचं. बाईचा जन्म हाय. एकदा आईपन भोगू दे, मग बघू."

हे मी शंभर घरांत ऐकलं आहे. शिकलेले ऐकवतात, न शिकलेले ऐकवतात. मी तुला सांगितलं की पहिल्या वेताने मांजरीचं काहीही भलं होत नाही. उलट जितक्या लवकर ऑपरेशन करावं तितकं तिच्यासाठी चांगलं, पुढे छातीत गाठी व्हायची भीती फार कमी होते. तू ऐकून घेतलंस, चहा दिलास आणि काहीच केलं नाहीस.

मग झालं तिचं वेत. तुझ्या कपाटात, तुझ्या इस्त्रीच्या साड्यांवर. तू खूष. तिच्यासाठी बाळंतशेपा काढून बसलीस, तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण ती पिल्लं एकामागून एक गेली. बाल्कनीतून बोका शिरला आणि दोघांना मारून गेला. एक पाण्याच्या टँकरखाली आलं. शेवटचं तुझ्या मांडीवर, जुलाबाने. पार्किंगमागच्या पेरूखाली तू त्यांना पुरलंस आणि त्या दिवशी जेवली नाहीस. मी येऊन म्हणाले, "बघितलंस आक्का? म्हणून म्हणत होते." तुझ्या ताटासमोर बसून मी असं बोलले, कारण मला वाटलं आता तरी तू मानशील. तू म्हणालीस, "आता पिल्लं नको. पन कापायचं बी नाय." आणि त्या दिवसापासून दारं-खिडक्या बंद झाल्या आणि ठमी आत.

त्यानंतर ती माजावर आली की सगळ्या मजल्याला कळायचं. जमिनीवर लोळायची, दाराला पाठ घासायची, घसा खरवडून बोक्याला साद घालायची. थोडे दिवस गप्प, की पुन्हा तेच. गेल्या उन्हाळ्यात आपण गच्चीवर कुरडया घालत होतो तेव्हाही तिचा आवाज खालून येत होता. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "पिल्लं नकोत, ऑपरेशन नको, मग हिने जन्मभर असंच ओरडत राहायचं का?"

तू सोऱ्या फिरवत राहिलीस. "वरडू दे. दमली की गप होती. बाया नाय का होत?"

मी चिडून म्हणाले, हा काय युक्तिवाद झाला? तेव्हा तू सोऱ्या खाली ठेवलास.

"माझी काढली तवा मला कोनी इचारलं होतं का?"

मी तेव्हा शाळेत होते, आक्का. मला घरात एवढंच सांगितलं होतं की आक्काच्या पोटात गाठ होती, ती काढली. मी तेच धरून इतकी वर्षं काढली. तू मान हलवलीस. "गाठ नव्हती गं. अंगावरून जायचं. गोळ्या देतील म्हनून गेले. सासूबाई डॉक्टराला म्हनल्या, दोन पोरं झाली, आता पिशवी ठिवून काय लोनचं घालायचंय? मी तितंच बसलेली. मला वाटलं कुनाच्या तरी दुसऱ्याच बाईचं बोलतात." मग खालचा ओठ चावत म्हणालीस, "मला एक पोरगी पायजे होती."

ऑपरेशनला महिना झाला नाही तोच तुला कांद्याच्या लागवडीला वाकवलं. जावेचीही तशीच काढलेली, चुलतसासूचीही, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते हे तुला ठाऊकसुद्धा नव्हतं. ऐन तारुण्यात अंगातून वाफा निघायला लागल्या, छाती धडधडायला लागली, हाडं ठणकायला लागली, आणि घरचे म्हणाले, काम टाळते.

गच्चीवर तू मला विचारलंस, "आमची काढली की हाडांचा भुसा, आन मांजरीची काढली की ती ठणठणीत? हे कसं गं?" प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तर दिलं, पण शाळेत धडा शिकवावा तसं दिलं. म्हणाले, मांजरीचं शरीर वेगळं. तिचं बाईसारखं बंद होत नाही, ती म्हातारपणापर्यंत माजावर येत राहते. त्यात कधीतरी पिशवीत पू होतो आणि बघता बघता मांजर दगावते. पिशवी आणि बीजकोश काढले तर तो धोका उरत नाही. तिची हाडं त्याने ठिसूळ होत नाहीत, वजन तेवढं सांभाळायचं. तू सगळं ऐकलंस, म्हणालीस, "बरं बाई, तू हुशार," आणि गरम चिकाचा घास माझ्या तोंडात कोंबलास. झालं. विषय संपला.

माझा राग कोणावर आहे ते मला त्या गच्चीवर नीट कळलं नव्हतं. आता कळतंय. तुझं भांडण त्यांच्याशी होतं, आक्का, आणि तू ते माझ्याशी भांडलीस. सासूच्या म्हातारपणी तू तिचं हगणंमुतणं काढलंस. भाऊजींना कधी थंड भाकरी वाढली नाहीस. त्या डॉक्टरच्या घरी पोरांच्या लग्नाची पत्रिका दिलीस, हळदीकुंकू लावून. आणि मी, जिने तुला कधी काही केलं नाही, ती कसाईण! मला किती लागायचं ते, तुला माहीत आहे?

असं म्हणते खरी, पण माझ्यासाठी तूच उभी राहिली होतीस. मी लग्न करणार नाही म्हणाले तेव्हा आईपासून मामापर्यंत सगळे अंगावर आले होते. तू माहेरपणाला आली होतीस. चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणालीस, "तिला इचारलंत ना? तिनं सांगितलं ना? मग झालं." त्यानंतर कोणी चकार शब्द काढला नाही. मी आज माझ्या घरात, माझ्या मर्जीने राहते, ती तुझ्यामुळे. ते तुला कधी नीट म्हणून दाखवलं नाही. आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, येड लागलं का.

मग तू न्हाणीघरात पडलीस आणि खुबा मोडला. ऑपरेशन करणारा डॉक्टर तरुण होता, बाहेर येऊन म्हणाला, हाडं फारच पोकळ आहेत, यांची पाळी कधी बंद झाली? संदीप माझ्याकडे बघायला लागला, भाऊजी छताकडे. उत्तर मी दिलं.

वॉर्डात तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ठमीला कापू नको. सबूद दे." मी म्हणाले, "आधी घरी चल, मग भांडू." तू म्हणालीस, "लबाड." आणि हसलीस. घरी तू आलीच नाहीस, छातीत रक्ताची गुठळी गेली. मी तुला शब्द दिला नाही, आक्का. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलून त्याला बरं वाटू देतात, ते मला जमलं नाही. तू मरणार आहेस हेही मला कुठे माहीत होतं?

दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भिंतीवर बसलेले होते चांगले, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. संदीप म्हणाला, मम्मी, पप्पांना सांभाळू. सून म्हणाली, गडावर जाऊन देवीची ओटी भरू. भाऊजी हात जोडून म्हणाले, "तिला कशाची कमी नव्हती, कसली इच्छा राहनार?" मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुमच्याजवळ काही बोलली होती का?" माझा कावळ्यांवर विश्वास नाही, आणि तरीही मी त्या भिंतीवरून नजर काढली नाही. एक वाक्य बोलायचं होतं, ठमीला हात लावणार नाही. मी तोंड उघडलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घाईने चपला घालायला लागली, उन्हं तापली होती.

तेराव्याला मी भाऊजींना गाठलं. विचारलं, "आक्काला मुलगी हवी होती, माहितीये तुम्हाला?" ते खरंच चकित झाले. म्हणाले, "कोन म्हनलं? कधी बोलली नाय ती. बोलली असती तर..." आणि ते रडायला लागले. मला त्यांची दया यायला हवी होती, नाही आली. मी उठून गेले.

त्या तेरा दिवसांत भेटायला येणाऱ्यांसाठी तुझं दार सताड उघडं होतं. तू इतके दिवस जपून लावलेली कडी एकालाही आठवली नाही. ठमी निघून गेली आणि मंडळी लाडू वळत होती तेव्हा परत आली, अंगाला माती, मानेवर बोक्याच्या दातांची खूण. तिला कशाचं सोयरसुतक असणार! संदीप म्हणाला, "मावशी, हिला मळ्यात सोडतो. पोत्यात घालून नेली की परत वाट सापडत नाय." मी तिथल्या तिथे तिला उचललं आणि माझ्याकडे आणलं. संदीपला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

आज सकाळी डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात फिरवला आणि थांबले. म्हणाले, "ताई, ही गाभण आहे. तीनेक आठवडे झाले असतील. अजून सुरुवात आहे, आत्ताही करता येईल. नाहीतर पिल्लं होऊन त्यांचं दूध सुटेपर्यंत थांबा. तुम्ही सांगाल तसं."

मी ठमीकडे बघत राहिले. वाटलं, होऊ दे. आक्का जिंकली म्हणावं, कपाटातल्या साड्या काढून तिला जागा करून द्यावी. मग पेरूखालची जागा आठवली. दर पावसाळ्यात मी गटाराच्या कडेने गोळा करते ती पिल्लंही आठवली, चिकट डोळ्यांची, ज्यांना घर द्यायला कोणी नसतं. मी म्हणाले, "करा."

तुझ्या सासूलाही त्या दवाखान्यात असंच कोणीतरी विचारलं असेल. तिला फार विचार करावा लागला नसेल, मी केला. शब्द मात्र तेवढाच निघाला. दिवसभर मी स्वतःला समजावते आहे की दोन्हींत फरक आहे. ठमीला विचारता येत नाही, म्हणून तिच्या भल्याचं दुसऱ्या कोणीतरी ठरवावं लागतं. तुला विचारता येत होतं. तू समोर बसलेली होतीस, तुला कान होते, जीभ होती. कापण्यापेक्षा न विचारणं हा गुन्हा होता. हे मला तुला गच्चीवर सांगायचं होतं, आणि मी पू आणि गाठी सांगत बसले. आणि मला हेही ठाऊक आहे की तू काय म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, इचारलं असतं तरी मी काय बोलनार होते?

ठमी आत्ता हलली. लटपटत खोक्याबाहेर आली, ते नरसाळं पलंगाच्या पायावर आपटलं, आणि माझ्या पावलावर डोकं टेकून बसली. ती उद्या खाईल, परवा खेळेल, आणि माझ्यावर रागावणार नाही, कारण तिच्याशी काय केलं ते तिला माहीतच नाही. तुला माहीत होतं, आक्का. सगळं माहीत असून तू त्यांना रोज गरम वाढत राहिलीस. मला तसं वाढू नकोस. माझ्यावर रागाव, धड रागाव, आणि या वेळी डबा पाठवू नकोस.